गुडघा, चटई आणि बाक

म्हैसूर जिल्ह्यातल्या पिरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुरचा डोंगर आहे. माथ्यावर मल्लिकार्जुन, आणि लोक त्याला सिडिलु मल्लिकार्जुन म्हणतात: विजेचा मल्लिकार्जुन. आकाशातली वीज इथे देवाच्या भेटीला उतरते, अशी पंचक्रोशीची श्रद्धा. हा एकेकाळी चंगाळ्व राजांचा कुलदेव होता. आज राजे नाहीत, पण पायऱ्या चढणारा माणूस चप्पल खालीच काढून ठेवतो, आणि देवाचा वचक म्हणजे काय हे त्याला प्रवचन करून सांगावे लागत नाही.

बायबलमधला सिनाय पर्वत याच जातीचा. विजा, गडगडाट, धूर, आणि डोंगराच्या कडेलाही हात लावायचा नाही अशी लोकांना ताकीद. जळत्या झुडपापाशी मोशेला आधी सांगितले गेले ते हेच, की जवळ येऊ नकोस, पायातले काढ. इथवर बेट्टदपुरचा भाविक आणि बायबलचा वाचक यांचे सहज जमेल. ख्रिस्ती माणसाची अडचण त्याच्या पुढची आहे. ज्या देवापुढे डोंगर थरथरला त्यालाच येशू बाप म्हणायला शिकवतो, जकातदारांच्या पंगतीला बसतो, आणि शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतो. पाय धुणाऱ्या देवाचा आदर करायचा कसा? तोही रविवारपुरता नव्हे, तर सोमवारी सकाळी पाण्याचा टँकर आला नसताना?

या प्रश्नावर इंग्रजीत आणि अलीकडे मराठीतही पुष्कळ उपदेशपर पुस्तके आहेत. पहाटे उठा, वचन वाचा, मोबाइल दूर ठेवा, कृतज्ञता बाळगा. त्यात चुकीचे काही नाही, पण ती वाचताना वाटते की आदर ही एकट्या माणसाच्या मनातली बाब आहे आणि ती निश्चयाने वाढवता येते. आपल्याकडचा चारशे वर्षांचा अनुभव वेगळे सांगतो. म्हैसूरपासून वसईपर्यंत हा आदर शरीराने आणि घराने सांभाळला: कोण कुठे बसले, कोणत्या वेळी दिवा लागला, कोणी मोठ्याने म्हटले. आणि वाद झाले तेही भावनेवरून फारसे नाहीत, तर गुडघा, चटई, बाक, चप्पल यांवरून. हे वाद क्षुल्लक नव्हते असे माझे मत आहे.

म्हैसूरच्या मातीत या वादाचा पहिला मोठा साक्षीदार म्हणजे आबे द्युब्वा. हा फ्रेंच मिशनरी 1792 साली पुद्दुचेरीला उतरला. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो म्हैसूरच्या मुलखात आला, देशी वेष घेतला, मांसाहार सोडला, देवीची लस टोचण्याच्या कामात पुढाकार घेतला. हिंदूंच्या चालीरीतींवरचे त्याचे हस्तलिखित कंपनी सरकारने विकत घेतले, त्यामुळे त्याचे नाव आजही निघते. आपल्या कामाचे दुसरे पुस्तक मात्र 1823 चे, हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती धर्माच्या स्थितीवरची पत्रे. त्यात तो हताश आहे. थाटमाट, मूर्ती, मिरवणुका असलेली कॅथलिक उपासनाच इथल्या लोकांना रुचेल, प्रॉटेस्टंटांची कोरडी उपासना रुजणार नाही, असे तो म्हणतो. आणि त्याच दमात, इथल्या ख्रिस्ती मिरवणुकांतले ढोलताशे पाहून आपल्याला लाज वाटते हेही कबूल करतो. बायबल जसेच्या तसे भाषांतर करून वाटणे त्याला धोक्याचे वाटे. उधळ्या पुत्रासाठी पुष्ट वासरू कापल्याची गोष्ट ऐकल्यावर ब्राह्मण पुढचे ऐकेलच कशाला, हा त्याचा सवाल.

पण त्याची एक नोंद मला अधिक बोलकी वाटते. पंचवीस वर्षांत आपण आणि आपल्या देशी सहकाऱ्याने मिळून दोन-तीनशे माणसे ख्रिस्ती केली, त्यांतले दोन तृतीयांश परिया किंवा भिकारी, असे तो लिहितो. लिहिण्याचा सूर असा की ती माणसे जमेस धरण्याजोगी नाहीत. शाकाहार पत्करलेला, पागोटे घातलेला हा पाद्री देवाचा आदर कसा दिसावा हे ठरवताना नजर लावून होता ती ब्राह्मणाच्या नाकाकडे. हा धागा लक्षात ठेवायला हवा, कारण दीडशे वर्षांनी तो म्हैसूर-बंगळूरच्याच परिसरात पुन्हा वर येतो.

द्युब्वाच्या आधी दोनशे वर्षे गोव्यात एका इंग्रज जेझुइटाने याच पेचाला वेगळे उत्तर दिले होते. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राशोलला छापले गेले. नव्या ख्रिस्त्यांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती, आणि आता काही वाचायला द्या, ही त्यांची मागणी खुद्द ग्रंथाच्या सुरुवातीलाच एका ब्राह्मणाच्या तोंडी आली आहे. स्टीफन्सने ओवी दिली. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, चर्चमध्ये आणि घरी मोठ्याने म्हणण्यासाठी. त्याने ‘देवाचा आदर करा’ असे नुसते सांगितले नाही. चार माणसे गोळा होऊन बसतील, एक वाचेल, बाकीचे ऐकतील, अशी बैठकच हातात दिली. बैठक मोडत नाही तोवर आदर मोडत नाही, हे त्याला कळले होते.

ती बैठक किती टिकाऊ होती याची कसोटी म्हैसूरच्याच हद्दीत लागली. 1784 मध्ये टिपूने कॅनरा किनाऱ्यावरच्या हजारो ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेले. ती कैद संपली 1799 मध्ये. इतकी वर्षे पाद्री नाहीत, मिस्सा नाही, चर्चची घंटा नाही. या काळात क्रिस्तपुराणाने लोकांना धीर दिला, अशी आठवण मंगळूरकडच्या समाजात सांगितली जाते. आठवण किती अचूक हे ठरवणे अवघड. पण 1907 साली जोझेफ साल्दान्ह यांनी मंगळूरला या ग्रंथाची आवृत्ती काढली तेव्हा त्यांना आधार मिळाला तो त्या भागात जपलेल्या हस्तलिखितांचाच. छापील प्रती नाहीशा झाल्या, हाताने उतरवलेली पाने राहिली.

गोव्याची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. 1736 साली इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशी न्यायालयाच्या, हुकुमाने ख्रिस्ती घरांतल्या कितीतरी चालींवर बंदी आणली. दारातली तुळस, लग्नातल्या ओव्या, पेहरावाचे प्रकार यांपर्यंत. एखाद्या चालीत जुना देव लपून बसला असेल ही धास्ती त्यामागे. पण तुळस गेली त्या अंगणात क्रूस आला, चौथऱ्यासह. गोव्यात आणि वसईत आजही अशा चौथऱ्यांवर संध्याकाळी मेणबत्ती लागते, फुले पडतात. अंगणातली ती जागा तशीच राहिली. हुकूम काढणाऱ्यांना हे पाहून काय वाटले असते कोण जाणे.

वसईच्या मराठी कॅथलिक घराचा जुना दिनक्रम माहितीतल्या कोणत्याही वृद्धाला विचारावा. दिवेलागणीला देवळाची घंटा, शेतातून परतणारा माणूस जागच्या जागी थांबतो, डोक्यावरचे काढतो. मग घरात जपमाळ. गोव्यात याला तेर्स म्हणतात, आणि तो संपला की मुलांनी मोठ्यांपुढे येऊन बेसांव मागायचे, म्हणजे आशीर्वाद घ्यायचा. मुंबईच्या ईस्ट इंडियन वस्त्यांत गल्लीतल्या क्रूसापाशी लादीन म्हटली जायची, शेजारपाजार सगळा गोळा करून, नंतर चणे वाटून. या सगळ्यात ध्यान किती आणि घोकंपट्टी किती, हा प्रश्न शिकलेली पिढी विचारते. प्रश्न रास्त आहे. डुलक्या घेत जपमाळ म्हणणारी पोरे प्रत्येक घरात होती. पण तीच पोरे साठीला आल्यावर आजारपणात नेमकी तीच वाक्ये म्हणू लागतात, हेही तितकेच खरे, आणि उपदेशाच्या पुस्तकांना हे समजावून सांगता आलेले नाही.

घरच्या नेमासोबत नवसही येतो. म्हैसूर जिल्ह्यात कृष्णराजनगरच्या बाजूला दोरनहळ्ळीचे संत अंतोनीचे देऊळ आहे. शेत नांगरताना मूर्ती सापडली अशी त्याची कथा, 13 जूनला सण, आणि 2019 मध्ये मिळालेला बॅसिलिकेचा दर्जा. रांगेत सर्व धर्मांचे लोक उभे असतात. आपल्याकडे वांद्र्याची मोत मावली, श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाऊली. वांद्र्याला मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचे घर वाहतात. सुधारकांना हा व्यवहार वाटतो: दे आणि घे. मला तसे वाटत नाही. मेणाचा पाय घेऊन टेकडी चढणारी बाई आपले दुखणे देवासमोर उघड्यावर ठेवते, चारचौघांत, लाज न धरता. ज्याच्याकडे काही मागायचेच नाही त्याचा आदर पटकन नुसत्या शिष्टाचारावर येतो.

प्रॉटेस्टंट मिशनने मूर्ती, मेण, मिरवणूक सगळे बाजूला सारले. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईला आले, 1831 मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) ठाण मांडले, 1842 पासून ‘ज्ञानोदय’ काढू लागले. त्यांच्या लेखी आदराची जागा होती उघडे पुस्तक. कौटुंबिक उपासना म्हणजे बापाने अध्याय वाचायचा, सगळ्यांनी गीत म्हणायचे, गुडघे टेकून प्रार्थना करायची, जेवणाआधी उपकार मानायचे. परिणाम दोन झाले. एक मोठाच चांगला: ज्यांच्या कानी वेद पडू नये अशी सक्ती होती त्यांच्या घरात धर्मग्रंथ आला आणि तो वाचण्यासाठी घर साक्षर झाले. दुसरा तितका चांगला नाही. उपासनेची चाल परकी राहिली. विलायती सुरावर बसवलेली मराठी अक्षरे शेतातल्या माणसाच्या गळ्यात उतरेनात.

ती कोंडी नगरच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी फोडायला सुरुवात केली आणि पुढे नारायण वामन टिळकांनी पुरती फोडली. 1861 साली कोकणात करजगावला जन्मलेले टिळक 10 फेब्रुवारी 1895 ला बाप्तिस्मा घेऊन आले ते तुकोबांना सोबत घेऊनच. ख्रिस्तापर्यंत आपण तुकारामाच्या पुलावरून आलो, अशा आशयाचे ते बोलत. त्यांची गीते ‘उपासना संगीता’त आली आणि मराठी मंडळ्यांच्या रोजच्या जिभेवर बसली. ‘अभंगांजली’तला भाव वारकऱ्याचा: देवाशी लाडाने बोलायचे, हट्ट करायचा. इथे आदराचा एक निराळाच प्रकार ख्रिस्ती मराठीत शिरला. वारकऱ्याला विठ्ठलाशी भांडता येते, त्याला अबोल्याची धमकी देता येते, आणि त्याने विठ्ठलाचे मोठेपण उणे होत नाही. मिशनऱ्याच्या गंभीर चेहऱ्याला ही मुभा नव्हती. शेवटी 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्व ख्रिस्तभक्तांसाठी. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण नाव पाहा: दरबार म्हटले की राजा आला आणि मर्यादाही आली, फक्त दाराशी पहारेकरी नाही.

तरीही टिळकांच्या घरातला सर्वांत मोठा आदराचा प्रसंग मला कवितेत दिसत नाही, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त दिसतो. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई नवरा ख्रिस्ती झाल्यावरही किती काळ वेगळे पाणी, वेगळी चूल सांभाळत होती. मग विचार करकरून ती या निर्णयाला येते की जाती देवाने केलेल्या नाहीत, आणि कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागते. तेव्हा तिचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. देवाने केलेल्या माणसाला विटाळ मानणे हा देवाचाच अनादर, हे तिला चुलीपाशी उमगले. नव्या कराराच्या याकोबाच्या पत्रात हीच खूण आहे: सभेत श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला ‘इथे पायाशी बस’ असे सांगाल, तर तुमचा विश्वास काय कामाचा?

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात 1905 साली जे घडले ते वरच्या कोणत्याच चौकटीत बसत नाही. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, तासन्‌तास. पाहुणे गोंधळले, देवापुढे ही कसली शिस्त? रमाबाई स्वतः कडक शिस्तीच्या, मूळ हिब्रू-ग्रीकवरून एकहाती मराठी बायबल सिद्ध करणाऱ्या विदुषी, पण त्यांनी हा कल्लोळ थांबवला नाही. दुष्काळातून, वैधव्यातून, मारहाणीतून आलेल्या त्या मुली होत्या. गप्प बसणे त्यांनी आयुष्यभर केले होते. त्यांना शांततेत आदर दाखवा असे सांगणारा माणूस मला धाडसीच वाटेल.

आता म्हैसूरकडे परत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 25 एप्रिल 1969 रोजी रोमने भारतासाठी बारा बाबींना मान्यता दिली. एक गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकावे. पंचांग प्रणाम करावा. पवित्र वस्तूचे चुंबन न घेता तिला हात लावून तो डोळ्यांना, कपाळाला लावावा. जमिनीवर बसावे, पादत्राणे बाहेर ठेवावीत. मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा, आणि आरती. यामागची चालती शक्ती होती फादर डी. एस. अमलोरपवदास. बंगळूरचे राष्ट्रीय धर्मशिक्षण व उपासना केंद्र त्यांनी उभे केले. पुढे म्हैसूर विद्यापीठात ख्रिस्ती धर्माचे अध्यासन आणि चामुंडी डोंगराच्या पायथ्याशी अंजली आश्रम ही त्यांची कामे. 1990 मध्ये अपघातात त्यांचा मृत्यू झाला. आश्रमाचे नावच हात जोडण्याच्या मुद्रेवरून आहे. त्यांचा आग्रह होता की भारतीय शरीराला आदराची भाषा आधीच येते. चर्चने ती विसरायला लावू नये. पुण्याला जॅक विन्स्लोंच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने 1920 च्या दशकातच हे करून पाहिले होते: खादी, जमिनीवर जेवण, मराठी भजन.

विरोध दोन बाजूंनी आला. पहिला ओरडा अपेक्षित होता: हे हिंदूकरण आहे. त्यात तथ्य थोडे, घबराट जास्त. दुसरा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याला सर्वांत धारदार शब्द दिले एका मराठी माणसाने. अरविंद निर्मल यांनी 1981 साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये दिलेल्या व्याख्यानातून पुढे दलित ईश्वरविद्या उभी राहिली. भारतीय ख्रिस्ती विचार म्हणून जे मिरवले जाते ते ब्राह्मणी परंपरेशी संवाद करत आले, आणि चर्चमधली बहुसंख्य माणसे तर त्या परंपरेबाहेर ठेवलेली, हा त्यांचा मुद्दा. द्युब्वाची नजर कुठे होती ते आठवा.

नगर जिल्ह्यातल्या महार-मांग समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाच्या बाजूने बघू. पाटलाच्या वाड्यात आजोबा जमिनीवर बसत, तेही ओसरीखाली. वस्तीतून जाताना पायताण हातात घ्यावे लागे. देवळाच्या पायरीला हात लावायची सोय नव्हती. मग मिशनच्या चर्चमध्ये बाक मिळाला, पायात बूट आले, रविवारी इस्त्रीचा सदरा आला. त्या आजोबांच्या नातवाला एक दिवस सांगायचे की खरा भारतीय आदर म्हणजे चपला बाहेर काढून खाली बसणे! बाकावर ताठ बसून डोळे मिटणे हाच त्याच्या घरचा साष्टांग नमस्कार आहे. उलट, त्याच जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या मंडळ्या आजही सतरंजीवरच बसतात, कारण तिथे सगळेच सतरंजीवर बसतात, पाळकाच्या घरचेही. सतरंजीत अपमान नाही. एकाला सतरंजी आणि दुसऱ्याला खुर्ची यात आहे. तमिळनाडूत वडक्कनकुलमच्या चर्चमध्ये जातीजातींना वेगळे ठेवणारी भिंत होती. त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना गुडघे मात्र अगदी बिनचूक टेकले जात असणार.

म्हणून कोणती मुद्रा अधिक ख्रिस्ती, कोणती अधिक भारतीय, या वादात मी पडणार नाही. माणूस देवापुढे कसा वाकतो हे त्याला आधी कोणाकोणापुढे वाकावे लागले त्यावर ठरते, आणि बाहेरून कोणी एक मुद्रा सर्वांवर लादली की ती कवायत होते. अंजली आश्रमात पंचांग प्रणाम करणाऱ्या साधकाचे खरे, केडगावच्या मुलीचा आक्रोश खरा, हट्टाने बूट न काढणाऱ्याचेही खरे.

आजची अडचण मुद्रेची राहिलेली नाही, वेळेची आहे. मार्च 2020 मध्ये चर्च बंद झाली आणि मिस्सा मोबाइलवर आली. सुरुवातीला लोक पडद्यासमोर मेणबत्ती लावून, कपडे बदलून बसत. काही महिन्यांत चहाचा कप हातात आला. दारे उघडल्यावर बहुतेक परतले, सवय थोडी मागे राहिली. वसईची दिवेलागण आता विरार लोकलमध्ये होते. घरातला एक सातला येतो, दुसरा साडेनऊला, तिसऱ्याची रात्रपाळी. सगळे एकत्र बसावेत असा तास उरलेला नाही, आणि चारशे वर्षे आदर ज्या बैठकीवर उभा होता ती नेमकी हीच. धर्मग्राम आणि मंडळ्या यावर शिबिरे घेतात, पत्रके वाटतात, व्हॉट्सॲपवर रोजचे वचन पाठवतात. वचन पोचते, पण एकत्र म्हणण्याची जागा ते घेत नाही. काही घरांनी रविवार रात्रीचे जेवण धरून ठेवले आहे. जपमाळेचे एकच दशक, पण सगळ्यांनी. मला हा तोडगा शिबिरांपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

आणि या जेवणाआधी सुरुवात कोण करते ते बघण्यासारखे आहे. कॅथलिक असो वा प्रॉटेस्टंट, बहुतेक घरांत आजी किंवा आई. मिशनच्या नियमाप्रमाणे अध्याय वाचायचा तो बापाने, पण बाप कामावर असे आणि पुस्तक तिच्या हातात राही. सी.एन.आय. आणि सी.एस.आय. या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आता स्त्रिया पाळक होतात. कॅथलिक चर्चमध्ये नाही. घरात देवाचा आदर शिकवणारी बाई रविवारी बाकाच्या तिसऱ्या रांगेत बसून, तिनेच शिकवलेली उत्तरे इतरांबरोबर म्हणते.